प्लायवूडचे कान

मी एक जुनी डाँकी आहे. हसलात ना? हसून घ्या मित्रांनो, मला त्याची सवय आहे. पण हसून झालं की जरा नीट बघा. मी ओरडत नाही, लाथा झाडत नाही आणि उकिरडेही फुंकत नाही. मी लाकडाचा एक बुटका, लांबट बाक आहे. घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून माझ्यावर बसायचं. माझ्या पुढच्या टोकाला एक उभी फळी आहे आणि फळीला एक खाच आहे. त्या खाचेत चित्राचा बोर्ड टेकवायचा, समोर ठेवलेल्या वस्तूकडे बघायचं आणि चित्र काढायचं. चित्रकलेच्या शाळांतून अशा बाकाला डाँकी म्हणतात. का म्हणतात ते मला माहीत नाही. पण चित्रकलेच्या मुलांना या शब्दाचं काहीच वाटत नाही. "माझी डाँकी कोणी घेतली?" असं ती भर वर्गात ओरडून विचारतात आणि कोणी मान वर करूनसुद्धा बघत नाही.

एवढं लक्षात ठेवा. माझं जे काही वाटोळं झालं, ते या एका शब्दापायी झालं.

माझा जन्म हडपसरचा. तेव्हा तिथे काचेच्या इमारती नव्हत्या आणि सकाळी उसाच्या गाड्यांना वाट द्यावी लागायची. भाजीबाजाराच्या मागे पोपट मिस्त्रींचं सुतारकाम चालायचं. दारं, खिडक्या, पाट, पोळपाट असं ते करत. एके दिवशी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ सायकलवरून उतरले. हातात कागदाची गुंडाळी होती. ते होते दीनानाथ सर. त्यांना शनिवार पेठेत चित्रकलेचा वर्ग काढायचा होता आणि त्यासाठी माझ्यासारख्या डाँक्या करून हव्या होत्या.

"गाढव? लाकडाचं?" मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "सर, पोरं चित्रं काढाय येनार हायत का वरातीला?"

"बसायला हवंय, मिस्त्री."

"मंग घोडा म्हना की. गाढव कशापायी?"

"घोड्यावर बसलं की माणूस पळायला लागतो," सर म्हणाले. "मला मुलं बसवून ठेवायचीत."

मिस्त्रींनी मला सागाच्या जुन्या तुळईतून कापलं. रंधा मारला, पाय बसवले, खाच पाडली. काम झाल्यावर ते मला उलटंसुलटं करून बघत राहिले. त्यांना काहीतरी कमी वाटत होतं.

"कान लावू का दोन?" त्यांनी विचारलं. "उगं बरं दिसंल. लाकूड हाय शिल्लक."

दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. सर हसले नाहीत. ते माझ्यावर पाय टाकून बसले, खाचेच्या वर दोन्ही तळहात उभे धरले आणि त्यांच्या आडून समोर बघायचा प्रयत्न करून दाखवला. "इथे कान आले, की मुलाला समोरचं काय दिसणार? कानच ना? कान नकोत, मिस्त्री. कान मुलांना आहेत तेवढे पुरेत."

मिस्त्रींनी कान लावले नाहीत. मित्रांनो, हेही लक्षात ठेवा.

शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरू लागला. खालून यंत्रांचा धडधडाट आणि शाईचा वास वर यायचा. दारावर सरांच्या हातची सुरेख पाटी होती. 'चपला बाहेर आणि घाई घरी ठेवून यावे.' तिच्याखाली आणखी एक होती. 'चित्र चांगले आले का, असे पालकांनी विचारू नये. आले तर दिसेल.' एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की पालक जिना चढून यायचे, पाट्या वाचायचे आणि तसेच खाली उतरायचे. तरी मुलं येत राहिली. पेठेतली येत, पर्वतीची येत, येरवड्याची येत.

सरांची शिकवण्याची पद्धत विचित्र होती. मूल पहिल्यांदा माझ्यावर बसलं, पेन्सिलीला टोक काढून सज्ज झालं, की सर म्हणायचे, "हात मांडीखाली."

म्हणजे स्वतःच्या हातांवर बसायचं. चित्र काढायचं नाही. समोर स्टुलावर पितळेचा एक तांब्या ठेवलेला असायचा, त्याच्याकडे नुसतं बघायचं. मुलं चुळबुळायची. हातांना मुंग्या यायच्या. कोणी म्हणायचं, "सर, बघून झालं." त्यावर सर विचारायचे, "झालं? मग तांब्याच्या पोटात काय आहे?" मूल म्हणायचं, "पाणी." सर म्हणायचे, "पाणी तू घरी बघितलंस. इथे काय दिसतंय ते सांग." आणि हात पुन्हा मांडीखाली. कित्येक मुलं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. मला सरांचा राग यायचा. वाटायचं, अहो काढू द्या की बापड्यांना! पण जी राहिली, त्यांचे हात सुटले तेव्हा कागदावर जे उतरायचं ते बघून मी गप्प बसायची.

एक मुलगी येरवड्याहून सायकलने यायची. वडील टपाल खात्यात होते. नाव अस्मिता. पहिल्या दिवशी ती माझ्यावर बसली, हात मांडीखाली घातले आणि इतका वेळ बघत राहिली की सर तिला विसरून दुसऱ्यांची चित्रं तपासायला लागले. मग ती हळूच म्हणाली, "सर, तांब्याच्या पोटात खिडकी आहे. आणि खिडकीत मी आहे. पण वाकडी."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना फार बरं वाटलं की ते चष्मा पुसायचे. "हात काढ बाहेर," ते म्हणाले. "आता काढ चित्र."

त्या दिवसापासून मी अस्मिताची झाले. तिने माझ्या पोटाला खालून, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कर्कटकाने 'अ' कोरला. तो अजून आहे. पुढे ती वास्तुकलेच्या महाविद्यालयात गेली, पहिली आली, पेढे घेऊन जिना चढली. एक पेढा तिने माझ्यावर ठेवला. सर म्हणाले, "उचल तो. तिला मुंग्या लागतील." पण मला कळलं होतं, की तो पेढा मला आणि सरांना मिळून होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड दिवस. तसा दुसरा आला नाही.

मग काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, कारण ते सगळ्याच जुन्या वस्तूंचं होतं. मुलांना शाळेनंतर आणखी शाळा लागल्या. खालचा छापखाना बंद पडला. इमारत पाडायचं ठरलं. नव्या इमारतीत दुकानं आली, पार्किंग आलं, वर्ग आला नाही. माझ्या बहिणी हातगाडीवर घालून भंगारवाल्याने नेल्या. मला मात्र सरांनी धरून ठेवलं. अस्मिता तिच्या ऑफिसची गाडी घेऊन आली होती. सरांनी मला तिच्या हवाली केलं.

"सांभाळ," ते म्हणाले. "वर्ग लागला की घेऊन जाईन."

अस्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, कुठेही न्यायची नाही. मी स्वतःची मोठी जागा घेणार आहे. तिथे पहिला वर्ग तुमचाच लागेल."

ती खोटं बोलत नव्हती. मी तिला लहानपणापासून ओळखते. त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं. आणि सरांनीही ते खरं धरलं. त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. रविवारची सकाळ, थोडी मुलं आणि एक तांब्या. सर तेवढ्याची वाट बघू लागले आणि त्यांच्याबरोबर मीही.

अस्मिताच्या ऑफिसात मी काय काय सोसलं ते सांगत बसत नाही. माझ्यावर हेल्मेटं ठेवली, डबे ठेवले, मनीप्लांटची कुंडी ठेवली. कुंडीतलं पाणी झिरपून माझ्या पाठीवर काळं वर्तुळ उमटलं. येणारे लोक विचारायचे, "हे काय आहे गं? मस्त रस्टिक आहे." अस्मिता अभिमानाने सांगायची, "ही डाँकी. मी हिच्यावर बसून शिकले." सांगायची मात्र उभ्याने. पुन्हा कधी बसली नाही.

आणि एकदाची ती मोठी जागा झाली. हडपसरच्याच औद्योगिक वसाहतीत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड तिने आणि तिचा भागीदार सलिल याने घेतली. सलिल वस्तूंची रचना करणारा, म्हणजे डिझायनर. चित्रकार, आर्किटेक्ट, कुंभारकाम करणारे, कापडावर छपाई करणारे अशा सगळ्यांनी एका छपराखाली यावं, लोकांना हाताने काम करायला शिकवावं, अशी त्यांची कल्पना. कल्पना चांगलीच होती. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'हातभट्टी'.

उद्घाटनाला सर आले. दारावरची पाटी त्यांनी सावकाश वाचली. "परवाना काढलात ना?" त्यांनी विचारलं.

"सर, हात आणि भट्टी," सलिल समजावू लागला. "म्हणजे हँड आणि किल्न. वर्डप्ले आहे."

"असं होय," सर म्हणाले. "मला वाटलं, धंदा आहे." मित्रांनो, हातभट्टी म्हणजे काय ते घरी विचारू नका.

त्या दिवशी आत जेवणाची टेबलं मांडली होती, दिव्यांच्या माळा होत्या, गाणं चाललं होतं. सरांनी सगळीकडे नजर फिरवली आणि मला शोधून काढलं. मी कोपऱ्यात, कुंडीखाली होते. "कार्यशाळा म्हणतात ना याला?" ते माझ्याशी बोलल्यासारखं पुटपुटले. "कार्य दिसलं. शाळा बघू कधी लागते."

पहिला वर्ग सरांचा लागला नाही. पहिला लागला पुठ्ठ्याच्या दिव्यांचा. मग चिनीमातीच्या कपांचा, मग वही बांधण्याचा, मग शिक्क्यांनी पिशव्या छापण्याचा. शिकवणाऱ्यांतली काही माणसं खरोखर जाणकार होती, हे नाकारणार नाही. चाकावर मातीला हात लावणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना बघत मी तासन्‌तास तहानभूक विसरायची, म्हणजे मला ती असती तर विसरले असते. पण कोणालाही वेळ नव्हता. सकाळी आलेल्या माणसाने दुपारी जेवायच्या आत काहीतरी बनवून, त्याचा फोटो काढून, ते घरी न्यायचं, असा तिथला नेम होता. एका रविवारी तर भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून विचार कसा करावा ते शिकवलं. सगळ्यांनी विचार केला, टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी त्या चिठ्ठ्या झाडूने गोळा होऊन कचऱ्यात गेल्या.

सर अधूनमधून बस बदलून यायचे. काखेत पिशवी, पिशवीत त्यांचा जुना बोर्ड. कोपऱ्यात बसून चहा प्यायचे. "पुढच्या महिन्यात नक्की, सर," अस्मिता म्हणायची. ती सतत फोनवर असायची, पण सरांशी बोलताना फोन खाली ठेवायची, इतकं मात्र खरं. एकदा ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"सर, वर्गाची रूपरेषा जरा सांगाल? म्हणजे शेवटी टेकअवे काय?"

"पार्सल?"

"तसं नाही हो. लोकांना घरी न्यायला काहीतरी लागतं. एक चित्र, किमान एक स्केच."

"पहिल्या दिवशी चित्र कसं होईल? पहिल्या दिवशी बघायचं." सरांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तू काय नेलं होतंस पहिल्या दिवशी?"

अस्मिता हसली. मला वाटतं, तिला ते आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच ती उठून गेली.

शेवटी एक रविवार रिकामा पडला. बांबूचं शिकवणारे आर्किटेक्ट आजारी पडले. अस्मिताने गाडीतून सरांना फोन केला, सरांनी लगेच हो म्हटलं. मग तिने तनुजाला घाईघाईने निरोप पाठवला. तनुजा हातभट्टीच्या जाहिराती करायची. निरोप होता, 'रविवार सकाळ. दीनानाथ सर. डाँकीवर बसून चित्र. लहान मोठे सगळे.'

तनुजा हुशार पोरगी. रंगांची तिला उत्तम जाण. पण तिचं सगळं शिक्षण संगणकापुढे, फिरत्या खुर्चीवर झालेलं. डाँकी नावाच्या बाकावर ती कधी बसली नव्हती. तिने सुंदर जाहिरात केली. राखाडी रंगाचं गुबगुबीत गाढव, लांब पापण्या, कानामागे जास्वंद आणि पाठीवर ब्रश घेतलेली एक छोटी मुलगी.

माझ्यापाशी उभं राहूनच अस्मिताने ती फोनवर पाहिली. "क्यूट आहे गं! टाक लगेच."

तुम्ही म्हणाल, तिला कसं कळलं नाही? अहो, तिलाच कळणार नाही! चित्रकलेच्या वर्गात वाढलेल्या माणसालाच ही चूक करता येते. तिच्या मनात डाँकी म्हणजे मी. जाहिरातीतलं गाढव तिला गंमत वाटलं, आतली, आपल्यातली. बाहेरच्या जगात डाँकी म्हणजे फक्त गाढव असतं, हे ती साफ विसरली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या जागा भरल्या. अस्मिताने आनंदाने सरांना कळवलं. सरांच्या साध्या फोनवर जाहिराती दिसत नसत.

रविवारी सर सगळ्यांच्या आधी आले. कडक इस्त्रीचा सदरा, चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्या. त्यांनी माझ्यावरची कुंडी स्वतः उचलून खाली ठेवली, ओल्या फडक्याने मला पुसलं, काळ्या वर्तुळावर दोनदा जास्त पुसलं. मला मोठ्या खिडकीच्या समोर आणून ठेवलं. तांब्या स्टुलावर ठेवला आणि बोर्ड माझ्या खाचेत टेकवला. मित्रांनो, किती दिवसांनी ते वजन माझ्यावर आलं म्हणून सांगू! मला रडता आलं असतं तर मी रडले असते. वर्ग लागला होता.

मग गाड्या यायला लागल्या. खराडीहून, मगरपट्ट्याहून, मांजरीच्या नव्या सोसायट्यांमधून. मुलं उड्या मारत आत शिरली. एकाच्या डोक्यावर काउबॉयची टोपी होती. पूर्वा नावाच्या एका चिमुरडीच्या हातात गाजर होतं.

"एक्स्क्यूज मी," पूर्वाची आई म्हणाली, "डाँकी कधी येणारे? नंतर ट्रॅफिक लागेल परत जाताना."

"आलीय," सर म्हणाले. "ही काय."

तिने मला पाहिलं. "हा बेंच आहे."

"हो. नाव डाँकी, आडनाव बेंच."

एरवी पुण्यात यावर कोणीतरी हसलं असतं. कोणी हसलं नाही. टोपीवाल्या मुलाने भोकाड पसरलं. एक गृहस्थ फोन नाचवत म्हणाले, "यार, धिस इज चीटिंग. पोस्टरवर क्लिअरली गाढव आहे. रिव्ह्यू टाकणारे मी." दुसऱ्या एका बाईंनी पोस्टर सरांच्या नाकासमोर धरलं. सरांनी चष्मा वर करून ते जास्वंदवालं गाढव पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग अस्मिताकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सलिल तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि पलीकडे करवतीचं यंत्र होतं तिकडे धावत गेला.

सर खचले नाहीत, हे मी अभिमानाने सांगते. त्यांनी सतरंज्या पसरल्या आणि वर्गात म्हणायचे तसंच, त्याच आवाजात म्हणाले, "मुलांनो, बसा. हात मांडीखाली."

बहुतेक मुलं आयांना बिलगून रडत राहिली. पूर्वा मात्र माझ्यापाशी आली. तिने गाजर माझ्या खाचेपाशी धरलं, थोडा वेळ वाट पाहिली, मी खात नाही असं बघून ते खिशात ठेवलं आणि पाय टाकून माझ्यावर बसली.

"हात मांडीखाली का?" तिने विचारलं.

"हातांना घाई असते," सर म्हणाले. "डोळ्यांना वेळ लागतो."

तिला ते पटलं असावं. ती हातांवर बसली. मान पुढे काढून, बोर्डाच्या कडेवरून तांब्याकडे बघू लागली. बाजूला आरडाओरडा चाललाच होता. तिला तो ऐकू येत नव्हता.

"आजोबा," ती म्हणाली, "याच्या पोटात खिडकी आहे."

"आणि?"

"आणि खिडकीत मी आहे. माझं नाक मोठ्ठं झालंय."

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. अस्मिता त्यांच्या मागेच उभी होती. तिने ऐकलं. मी शपथेवर सांगते, मित्रांनो, तिने ते ऐकलं.

"हात काढ बा…" सर बोलू लागले, तेवढ्यात सलिल आला. त्याच्या हातात प्लायवूडचे दोन मोठे, ताजे कापलेले कान होते. मुलांचं रडणं थांबलं. "वॉव!" टोपीवाला ओरडला. "लावू का?" सलिलने अस्मिताला विचारलं. "दोनच स्क्रू आहेत. संडे वाचेल आपला."

अस्मिताने सरांकडे पाहिलं. पूर्वाकडे पाहिलं. मग फोन उगारून उभ्या असलेल्या त्या सगळ्या आईबापांकडे पाहिलं.

"लाव," ती म्हणाली.

पूर्वाला तिच्या आईने उचललं, "थांब बेटा, कान लागू देत, मग छान फोटो काढू." सलिल म्हणाला, "सर, जरा हा बोर्ड…" सरांनी स्वतःच बोर्ड खाचेतून काढला. त्या खाचेतच, जिथे पोपट मिस्त्रींनी पटाशी चालवली होती, तिथे स्क्रू शिरले. मला दुखलं का, असं विचारू नका. लाकडाला स्क्रूचं काही वाटत नाही. मला दुखलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

"सर, फक्त आजच्यापुरतं," अस्मिता म्हणाली. "पुढच्या रविवारी काढून टाकू. प्रॉमिस."

"नको, राहू देत," सर म्हणाले. ते तांब्या पिशवीत ठेवत होते. "शोभतायत. गाढवाला कान हवेतच. मलाच इतकी वर्षं सुचलं नाही."

ते दारापर्यंत गेले. पूर्वा आईच्या कडेवरून त्यांच्याकडे बघत होती. तिचे हात अजून अंगाशी घट्ट धरलेले होते. तिला कोणी काढायला सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारचे फोटो फार गाजले. पुढच्या रविवारी लोक कानवाली डाँकी बघायलाच आले. मग मला जांभळा रंग दिला, मागे दोरखंडाची शेपटी ठोकली आणि दाराशी उभं केलं. आता लोक माझ्यावर बसतात, पण तोंड बाजूला वळवून. कॅमेरा तिकडे असतो.

मध्यंतरी एका दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं. अस्मिता मातीचं काम करत होती. हात भरलेले म्हणून तिने फोन माझ्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि सरांना लावला.

"सर, पुढचा रविवार तुमच्यासाठी ठेवलाय. यावेळी पोस्टर मी स्वतः बघणारे."

"बरं," सरांचा आवाज आला. "कान काढलेस?"

"सर, ते आता… लोकांना फार आवडतात. ती आता आमची ओळखच झालीय. तुम्हाला दुसरं चांगलं स्टूल देते ना."

"दे की. स्टुलावर बसून चहा छान पिता येतो." मग अगदी मायेने, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाले, "अस्मिता, वर्ग लागला की कळव हं."

फोन बंद झाला. अस्मिता तशीच उभी राहिली. मग तिने हात कपड्यांना पुसले आणि माझ्यावर बसली. पेढ्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा. सरळ तोंड करून, दोन्हीकडे पाय टाकून. हात मांडीखाली घातले. समोर बघू लागली.

समोर कानांची मागची बाजू होती. तिकडे रंगही दिलेला नाही. कोरं प्लायवूड, त्यावर सलिलने घाईत मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा आणि प्लायवूडच्या कंपनीचा शिक्का. त्याच्यापलीकडे दार, दारापलीकडे रस्ता, उजेड, माणसं, सगळं होतं. ते तिला दिसत नव्हतं. तिने मान उजवीकडे वाकवली, डावीकडे वाकवली. मग तिचा फोन वाजला. तिने एक हात बाहेर काढला, मग दुसरा, आणि "हो, बोला ना," म्हणत ती उठून गेली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो. जुन्या वस्तू सांभाळा, असं सांगायची पद्धत आहे. मी ते सांगणार नाही. मला फार छान सांभाळलं आहे. रोज पुसतात, दरसाल रंग देतात. नुसतं सांभाळून काय होतं ते माझ्याकडे बघून समजून घ्या.

एक विनंती मात्र आहे. कधी हडपसरला आलात तर मी दाराशीच असेन. फोटो काढायचा तर काढा. पण कोणी बघत नसेल तेव्हा माझ्या पुढच्या फळीपाशी वाका. दोनच स्क्रू आहेत. त्यांच्या डोक्यावर जांभळा रंग बसलाय, पण नखाने खरवडलात तर खाच सापडेल. आणि कोणी मोठं माणूस धावत येऊन विचारू लागलं, की हे काय चाललंय, तर घाबरू नका.

वर्ग लावतोय, म्हणावं.